भाकिताचा पल्ला आणि निधीची मुदत : इंधनघटांच्या विकासाचा एक आढावा

चेन्नईतील मैलापूरच्या तिरुमयिलै स्थानकातून वेलच्चेरीकडे जाणारी उन्नत रेल्वे बकिंगहॅम कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे जात तरमणीच्या परिसरात पोहोचते, आणि याच परिसरातील आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कमध्ये भारतातील इंधनघट-संशोधनाचे एक प्रमुख केंद्र काम करीत आले आहे. हैदराबादची ‘इंटरनॅशनल अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च सेंटर फॉर पावडर मेटलर्जी अँड न्यू मटेरियल्स’ (एआरसीआय) ही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आधारावर चालणारी संस्था असून चेन्नईतील ‘सेंटर फॉर फ्युएल सेल टेक्नॉलॉजी’ ही तिचीच शाखा होय. त्याच्याही आधी, 1990च्या दशकात, ‘सदर्न पेट्रोकेमिकल इंडस्ट्रीज कॉर्पोरेशन’ म्हणजे स्पिक या खत-उद्योगाने उभ्या केलेल्या स्पिक सायन्स फाउंडेशनमध्ये के. एस. दत्तात्रेयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात इंधनघट बनविण्याचे काम हाती घेतले होते, आणि पुढे सरकारी केंद्राची धुराही दत्तात्रेयन यांनीच वाहिली. जानेवारी 2024मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाने तमिळनाडू सरकारशी केलेल्या करारात आयआयटी मद्रासच्या साहाय्याने हायड्रोजन-संशोधनाचे केंद्र उभारण्यासाठी 180 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. एका उद्योगसमूहाचे प्रतिष्ठान, मग केंद्र सरकार आणि आता परदेशी वाहन-उत्पादक अशा तीन निराळ्या हातांनी तीन दशकांत एकाच महानगरातील एकाच विषयाला पैसा पुरविला. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी भविष्याचा काही अंदाज बांधला होता, त्या अंदाजामुळे निधी मिळाला होता, आणि मिळालेल्या निधीच्या मुदतीने कामाचा आकार ठरविला होता. तंत्रज्ञानाचे भाकीत आणि संशोधनाचा निधी यांच्यातील हा संबंध कसा चालतो, तो कोठे फसला आणि भारतात त्याची स्थिती काय आहे, हा या आढाव्याचा विषय आहे.

इंधनघट, म्हणजेच फ्युएल सेल, हे इंधनातील रासायनिक ऊर्जा ज्वलनाविना थेट विजेत बदलणारे साधन आहे. बॅटरीत ऊर्जा साठवून ठेवलेली असते व ती संपल्यावर बॅटरी पुन्हा भारित करावी लागते. इंधनघटात मात्र एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवेतील ऑक्सिजन पुरविला जात असेपर्यंत वीज मिळत राहते आणि पाणी व उष्णता बाहेर पडते. दोन विद्युतअग्रांच्या मध्ये विद्युतवाहक माध्यम असते, आणि ते कोणते आहे यावरून घटाचा प्रकार ओळखला जातो. प्रोटॉन-विनिमय पटलाचा घट पातळ बहुवारिक पटलावर चालतो, त्याचे तापमान 60 ते 80 अंश सेल्सियसच्या आसपास असते व तो लवकर सुरू होतो, म्हणून तो वाहनांसाठी सोयीचा ठरतो. परंतु त्याला प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो आणि हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अगदी अल्प अंशही त्याला सोसत नाही. फॉस्फोरिक आम्लाचा घट सुमारे 200 अंशांपर्यंतच्या तापमानाला चालतो आणि अशुद्ध हायड्रोजनच्या बाबतीत बराच सोशिक असतो. घनऑक्साइड घट 600 अंशांपेक्षा अधिक तापमानाला, सिरॅमिकच्या माध्यमावर चालतो, त्याला नैसर्गिक वायूही इंधन म्हणून चालतो, पण तो थंड करून पुन्हा तापविणे त्याच्या आयुष्याला मानवत नाही. हायड्रोजनवर चालणाऱ्या एका घटाचा सैद्धांतिक दाब 1.23 व्होल्ट असला तरी भाराखाली तो साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टपर्यंत उतरतो, त्यामुळे असे अनेक घट एकावर एक रचून चळत, म्हणजे स्टॅक, तयार करावी लागते. स्टॅकमधील एक घट बिघडला तरी पूर्ण चळत अडचणीत येते, आणि म्हणून या तंत्रज्ञानात एका उत्तम घटापेक्षा शेकडो सारखे घट बनविणे अवघड असते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह याने या घटाचे तत्त्व 1839मध्ये दाखविले आणि अंतराळात तो पहिल्यांदा 1965मध्ये जेमिनी-5 यानावर वापरला गेला. मधल्या 126 वर्षांत तत्त्व सर्वांना ठाऊक होते, पण त्यासाठी लागणारा खर्च सोसणारे गिऱ्हाईक नव्हते. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाला वजन व पाणी यांची किंमत पैशापेक्षा मोठी वाटत असल्यामुळे जनरल इलेक्ट्रिकच्या महाग घटांना तेथे जागा मिळाली. या इतिहासामुळे इंधनघटाविषयीच्या भाकितांना सुरुवातीपासून एक विशेष अडचण राहिली : तंत्रज्ञान चालते हे सिद्ध झालेले असते, ते स्वस्त कधी होईल एवढेच सांगायचे उरलेले असते, आणि हे ‘एवढेच’ सर्वांत कठीण असते.

भाकिताच्या प्रचलित पद्धती मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिली तज्ज्ञांच्या मतांवर आधारलेली आहे. अमेरिकेतील रँड संस्थेत 1950च्या दशकात विकसित झालेल्या डेल्फाय पद्धतीत तज्ज्ञांना एकमेकांची नावे न कळू देता फेरीमागून फेरी प्रश्न विचारले जातात आणि मतांचा गाभा शोधला जातो. भारतात 1988मध्ये स्थापन झालेल्या ‘टायफॅक’ या तंत्रज्ञान-पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेने ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली 1996मध्ये 2020चे जे तंत्रज्ञान-चित्र मांडले ते तज्ज्ञमतांच्या अशाच व्यापक संकलनावर उभे होते. या पद्धतीचा दोष असा की, एखाद्या विषयातील तज्ज्ञ हे बहुधा त्याच विषयावर जगणारे असतात आणि त्यांचा आशावाद हा त्यांच्या ज्ञानापासून वेगळा काढता येत नाही.

दुसरी पद्धत वाढीच्या वक्राची आहे. नवे साधन सुरुवातीला हळू, मग वेगाने आणि शेवटी पुन्हा हळू पसरते, या निरीक्षणावरून आरंभीच्या आकड्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा वक्र जुळवून पुढचा मार्ग काढला जातो. शोधनिबंध व पेटंट यांची संख्याही अशा रीतीने वापरली जाते. मात्र आरंभीचे आकडे थोडे असताना त्यांना अनेक वक्र सारखेच जुळतात आणि शिखर कोठे आहे हे शिखर ओलांडल्याशिवाय कळत नाही. शिवाय पेटंटांची संख्या ही तंत्रज्ञानाच्या प्रगतीइतकीच त्याला मिळणाऱ्या निधीची सावली असते, आणि म्हणून निधीने वाढलेल्या पेटंटांवरून तंत्रज्ञानाची परिपक्वता ठरवून त्या आधारावर पुन्हा निधी मागणे हे वर्तुळ ठरते.

तिसरी आणि सर्वांत उपयुक्त पद्धत अनुभव-वक्राची आहे. टी. पी. राइट याने 1936मध्ये विमान-उत्पादनाविषयी असे दाखविले की एकूण उत्पादन दुप्पट होते तेव्हा प्रत्येक विमानासाठी लागणारे श्रम सुमारे 20 टक्क्यांनी घटतात. सौर पट्ट्या व लिथियम बॅटऱ्या यांच्या किमतींचे भाकीत या नियमाने बऱ्यापैकी साधले. इंधनघटांच्या बाबतीत अडचण अशी येते की हा नियम काळावर चालत नाही, तो उत्पादनावर चालतो. वर्षे कितीही गेली तरी उत्पादन दुप्पट झाले नाही तर किंमत जागची हलत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मोटारीच्या इंधनघट-प्रणालीचा जो अंदाजित खर्च वर्षानुवर्षे प्रसिद्ध केला तो 2002मधील प्रति किलोवॅट 275 डॉलरवरून 2010मध्ये 51 डॉलरवर आला. पण हा खर्च वर्षाला 5 लाख प्रणाली तयार होत आहेत असे गृहीत धरून काढलेला होता, आणि तेवढे उत्पादन जगात कोठेही नव्हते. प्रयोगशाळेतील सुधारणा या आकड्यात खऱ्या होत्या, बाजार मात्र गृहीतकात होता. धोरणकर्त्यांनी आकडा उचलला आणि गृहीतक मागे राहिले, असे या क्षेत्रात वारंवार झाले आहे.

डेमलर-बेन्झने 1997मध्ये कॅनडातील बॅलार्ड कंपनीत मोठी गुंतवणूक करताना 2004पर्यंत इंधनघटाच्या मोटारी बाजारात आणण्याचा मनोदय जाहीर केला होता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी जानेवारी 2003मध्ये हायड्रोजन मोटारींच्या संशोधनासाठी 120 कोटी डॉलरची घोषणा केली. जपानने 2017च्या हायड्रोजन धोरणात 2020पर्यंत 40,000 इंधनघट-वाहने रस्त्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले आणि त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापर्यंतच तो देश पोहोचला, तेही टोयोटाची मिराई 2014पासून विक्रीला असताना. भारतातील उदाहरण या सर्वांपेक्षा ठळक आहे. 2003मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ स्थापन झाले, रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू गटाने आराखडा तयार केला, आणि 2006च्या त्या आराखड्यात 2020पर्यंत देशात 10 लाख हायड्रोजन-वाहने आणि 1,000 मेगावॅट हायड्रोजन-आधारित वीजक्षमता असेल असे म्हटले गेले. 2020 उजाडले तेव्हा या दोन्ही लक्ष्यांचा मागमूसही दिसत नव्हता, आणि मार्च 2025मध्ये केंद्राच्या नव्या व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पाच प्रायोगिक प्रकल्पांखाली मंजूर केलेल्या बस व ट्रकांची एकूण संख्या 37 होती. त्यांतही इंधनघटाची वाहने 15 असून उरलेली 22 हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनांची होती.

भाकीत चुकणे हा दोष मानता येत नाही. हेन्री ब्लॅनफर्डने 1886मध्ये भारतीय मोसमी पावसाचे पहिले दीर्घ पल्ल्याचे अनुमान प्रसिद्ध केले तेव्हापासून ती अनुमाने अनेकदा चुकली, परंतु हवामान खाते प्रत्येक हंगामाच्या शेवटी अनुमान आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी मांडते आणि त्या फरकातून प्रारूप सुधारते. इंधनघटांच्या आराखड्यांचे असे हंगामअखेरचे परीक्षण भारतात झालेले दिसत नाही. 2006चा आराखडा चुकला कशामुळे, पटल महाग राहिले म्हणून, हायड्रोजन मिळाला नाही म्हणून की लिथियम बॅटरी स्वस्त झाली म्हणून, याचा जाहीर ताळेबंद न मांडताच पुढची लक्ष्ये ठरविली गेली. येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो : अनुमानामुळे पाऊस बदलत नाही, पण तंत्रज्ञानाचे भाकीत ते तंत्रज्ञान बदलू शकते, कारण भाकितामागे निधी जातो. त्यामुळे भाकिताचे परीक्षण टाळणे म्हणजे निधीच्या परिणामाचे परीक्षण टाळणेच होय.

भाकिते केवळ वेळेच्या बाबतीत चुकली नाहीत, जागेच्या बाबतीतही चुकली, आणि ही दुसरी चूक अधिक बोधप्रद आहे. सर्वांचे लक्ष मोटारीवर असताना इंधनघट गोदामांतील फोर्कलिफ्टमध्ये, जपानी घरांत आणि पाणबुड्यांत स्थिरावले. तिरुचिरापल्लीच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर के. आर. श्रीधर हे अमेरिकेत नासासाठी मंगळावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या उपकरणावर काम करीत होते. ती मंगळमोहीम रद्द झाल्यावर त्यांनी तेच तंत्र उलट दिशेने चालवून घनऑक्साइड घटांची ब्लूम एनर्जी ही कंपनी उभी केली. अनेक वर्षे तोट्यात राहिलेल्या या कंपनीच्या घटांना 2024नंतर मोठी मागणी आली ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडून, आणि शतकाच्या आरंभी झालेल्या कोणत्याही आराखड्याच्या दृष्टिपथात हे गिऱ्हाईक नव्हते. उलट दिशेचे उदाहरण नवी मुंबईतील जीटीएल या दूरसंचार-सेवा कंपनीचे आहे. ब्रिटनच्या इंटेलिजंट एनर्जीने तिच्याशी 2015मध्ये भारतातील 27,000हून अधिक मोबाइल मनोऱ्यांना वीज पुरविण्याचा सुमारे 120 कोटी पौंडांचा करार जाहीर केला होता. डिझेल जनित्रांना पर्याय म्हणून मनोऱ्यांची बाजारपेठ कागदावर निर्दोष होती, पण तो व्यवहार तडीस गेला नाही आणि मनोऱ्यांवर स्वस्त होत चाललेल्या लिथियम बॅटऱ्यांनी जागा घेतली.

मैलापूरसारख्या दाट वस्तीच्या जुन्या भागाचा विचार केला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. डिसेंबर 2015चा महापूर, डिसेंबर 2016मधील वरदा चक्रीवादळ आणि डिसेंबर 2023मधील मिचाँग या तिन्ही प्रसंगी चेन्नईचा वीजपुरवठा दीर्घकाळ विस्कळीत झाला, आणि रुग्णालये, बँका, मंगल कार्यालये व गृहसंकुले यांना डिझेलच्या जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. अशा ठिकाणी वर्षातील थोडेच तास, पण ते तास सलग व खात्रीने, वीज हवी असते. आवाज व धूर यांना अरुंद गल्ल्यांत जागा नसते. आणि लिथियम बॅटरी काही तासांपलीकडे नेण्याचा खर्च वेगाने वाढतो, कारण बॅटरीत ऊर्जेच्या प्रत्येक युनिटामागे नवी बॅटरी लागते, तर इंधनघटात केवळ टाकीतील इंधन वाढवावे लागते. सलग दोन-तीन दिवस पुरवायच्या राखीव विजेसाठी इंधनघटाची बाजू त्यामुळे मोटारीपेक्षा बळकट आहे. तरीही भारतातील लक्ष्ये प्रामुख्याने वाहनांच्या संख्येत मोजली गेली, कारण वाहन दिसते, त्याचे उद्घाटन होते व त्याचे छायाचित्र छापता येते. भाकीत करणाऱ्यांची गरजेपासून साधनाकडे न येता साधनापासून गरजेकडे जाण्याची ही सवय या क्षेत्राला महागात पडली आहे, असे म्हणणे भाग आहे.

निधीच्या परिणामाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण प्लॅटिनमचे आहे. जेमिनीच्या काळात विद्युतअग्राच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर कित्येक मिलिग्रॅम प्लॅटिनम लागत असे. अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अखंड चालत आलेल्या कामातून 1980च्या दशकाअखेरीस इयान रेस्ट्रिक, शिमशॉन गॉटसफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतअग्रात पटलाचेच द्रव्य मिसळून ते प्रमाण दहा पटींनी खाली आणले, आणि पुढील सर्व मोटारी या शोधावर उभ्या राहिल्या. येथे निधी अवाढव्य नव्हता, पण एकच गट दहा वर्षांहून अधिक काळ एकाच प्रश्नावर राहिला. याउलट बुश यांच्या घोषणेनंतर सहाच वर्षांनी, 2009मध्ये, ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी हायड्रोजन-वाहनांच्या संशोधनाचा निधी मोठ्या प्रमाणात कापण्याचा प्रस्ताव मांडला आणि संसदेने तो निधी बव्हंशी परत दिला. निधी टिकला, परंतु तरुण संशोधकांनी व पुरवठादारांनी त्या वर्षी जो इशारा ऐकायचा तो ऐकला. जर्मनीने 2007 ते 2016 या दहा वर्षांसाठी सरकार व उद्योग यांचा मिळून 140 कोटी युरोंचा कार्यक्रम आधीच जाहीर करून ही अनिश्चितता टाळली. जपानमध्ये 1981पासून सरकारी कार्यक्रमांत इंधनघटांना स्थान होते, आणि 2009मध्ये घरगुती वीज व गरम पाणी देणारे ‘एने-फार्म’ संच बाजारात आले तेव्हा त्यांची किंमत सुमारे 30 लाख येन होती. खरेदीदाराला दिलेले अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करीत नेल्यावर दशकभरात ती सुमारे 10 लाख येनपर्यंत उतरली. 2020पर्यंत 14 लाख संचांचे लक्ष्य जपानलाही गाठता आले नाही, पण अनुभव-वक्र तेथे प्रत्यक्ष उत्पादनावर चालला, गृहीतकावर नाही.

महाराष्ट्रातील दोन कार्यक्रम या कसोटीवर तपासण्यासारखे आहेत. पहिला अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेचा. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि त्या वेळी ती शत्रूला सापडू शकते. बाहेरच्या हवेविना चालणारी प्रणोदन प्रणाली असल्यास ती कित्येक दिवस अधिक काळ पाण्याखाली राहते. जर्मन पाणबुड्यांनी यासाठी प्रोटॉन-विनिमय पटलाचे घट आणि धातूच्या हायड्राइडमध्ये साठविलेला हायड्रोजन हा मार्ग घेतला. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फोरिक आम्लाचे सोशिक घट निवडले आणि सोडियम बोरोहायड्राइड या रसायनापासून हायड्रोजन पाणबुडीतच, लागेल तेव्हा तयार करण्याची रचना केली, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर हायड्रोजन साठविण्याचा धोका टळला. मोटारींच्या जागतिक लाटेत फॉस्फोरिक आम्लाचे घट मागे पडलेले असताना ही निवड करणे म्हणजे बाजाराच्या भाकिताकडे पाठ फिरवून गरजेवर बोट ठेवणे होते, आणि ती या क्षेत्रातील भारतीय निर्णयांपैकी सर्वांत विचारपूर्वक घेतलेली वाटते. लार्सन अँड टुब्रो व थरमॅक्स या उद्योगांच्या साहाय्याने जमिनीवरील नमुना-प्रणाली तयार झाली आणि मार्च 2021मध्ये तिने सलग चालण्याची व कमाल शक्तीची चाचणी पार केली. मात्र माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या, 2017मधील कलवरीपासून जानेवारी 2025मधील वाघशीरपर्यंत, या प्रणालीविनाच नौदलात दाखल झाल्या. ती पाणबुडीत बसविण्यासाठी लागणारा भाग बांधण्याचा सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालय व माझगाव डॉक यांच्यात डिसेंबर 2024च्या अखेरीस झाला. संशोधनाचा निधी आणि जहाजबांधणीचे वेळापत्रक हे दोन निरनिराळ्या हातांत असल्यामुळे तयार होत आलेले तंत्र व तयार झालेली पाणबुडी यांची गाठ पडली नाही.

दुसरा कार्यक्रम पुण्याचा आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 2000च्या सुमारास सुरू केलेल्या ‘निमिटली’ या योजनेत प्रयोगशाळा व उद्योग यांना एकत्र निधी दिला जातो, आणि तिच्याखाली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व कारैकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था यांनी इंधनघटांवर दीर्घकाळ काम केले. पुण्याचे बळ बहुवारिकांच्या रसायनशास्त्रात, कारैकुडीचे विद्युतरसायनात. हा योग दोन्ही संस्थांच्या जुन्या परंपरांतून आलेला आहे आणि तो योजनेने निर्माण केलेला नसून योजनेने ओळखलेला आहे. केपीआयटी या पुण्याच्या कंपनीबरोबर 10 किलोवॅटच्या स्टॅकवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर 2020मध्ये झाली, ऑगस्ट 2022मध्ये बसचे अनावरण झाले, आणि 28 फेब्रुवारी 2024 रोजी तमिळनाडूतील तूत्तुकुडी येथील कार्यक्रमातून पंतप्रधानांनी ज्या पहिल्या स्वदेशी हायड्रोजन नौकेचे लोकार्पण केले, त्या कोची शिपयार्डने बांधलेल्या नौकेतील इंधनघटही केपीआयटीचा होता. या मालिकेतून निधी फुकट गेला नाही हे दिसते. परंतु मोटार, बस आणि नौका ही प्रत्येकी एकेक साधने आहेत; अनुभव-वक्राला एकाच प्रकारचे शेकडो स्टॅक लागतात आणि तेवढी मागणी आजवर कोणीही नोंदविलेली नाही. चेन्नईच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीत ज्या हायड्रोजन रेल्वेगाडीच्या डब्याची चाचणी जुलै 2025मध्ये झाली, त्या प्रकल्पासाठी मेधा सर्व्हो ड्राइव्ह्ज या कंपनीने घट मागविले ते कॅनडाच्या बॅलार्डकडून. शेजारच्याच तरमणीत आणि पुण्यात तीन दशकांचे ज्ञान असताना रेल्वेला आयात घ्यावी लागली, याचे कारण भारतीय शास्त्रज्ञांचे अज्ञान हे नव्हे. हजारो तास चालवून सिद्ध केलेला, हमीसह मिळणारा स्टॅक देशात नव्हता, हे आहे.

ही हमी कशी तयार होते याचा विचार केल्यावर निधीच्या रचनेतील खरा दोष दिसतो. खासगी मोटारीच्या स्टॅकने 5,000 ते 8,000 तास आणि जड ट्रकच्या स्टॅकने 25,000 तास किंवा त्याहून अधिक टिकावे अशी अपेक्षा असते. 25,000 तास म्हणजे रात्रंदिवस चालविल्यास दोन वर्षे दहा महिने. भारतातील बहुसंख्य संशोधन-प्रकल्पांची मुदत तीन वर्षे असते, त्यातील पहिले वर्ष उपकरणांच्या खरेदीत व संशोधक-सहायकांच्या नेमणुकीत जाते, आणि म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर बाजाराला हवे आहे तो प्रश्न प्रकल्पाच्या मुदतीत विचारणेच शक्य होत नाही. परिणामी प्रकल्प नवे उत्प्रेरक, नवी पटले व नवे शोधनिबंध यांच्याकडे वळतात, कारण ते मुदतीत होतात. ताण वाढवून आयुष्याचा अंदाज लवकर घेणाऱ्या चाचण्या असतात हे खरे, पण त्यांचे निष्कर्ष खऱ्या वापरातील दीर्घ नोंदींशी जुळवून घ्यावे लागतात, आणि चेन्नईची दमट उष्णता, पुण्याची धूळ किंवा लेहची थंडी यांतील अशा नोंदी बाहेरून आयात करता येत नाहीत.

सध्याच्या निधीकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र मिश्र आहे. जानेवारी 2023मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा खर्च 19,744 कोटी रुपये असून त्यातील 17,490 कोटी विद्युतविश्लेषकांचे उत्पादन व हरित हायड्रोजनचे उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी, 1,466 कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी आणि 400 कोटी, म्हणजे सुमारे 2 टक्के, संशोधन व विकासासाठी ठेवलेले आहेत. 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन हे लक्ष्य गाठण्यासाठी उत्पादनाला प्रोत्साहन आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. मात्र जो हायड्रोजन तयार होईल त्याचा मोठा भाग खत व शुद्धीकरण उद्योगांत जाईल आणि इंधनघटांना त्याचा लाभ आपोआप मिळणार नाही. 2025मध्ये मंजूर झालेली 1 लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज देते, ही मोठी सुधारणा आहे. तंत्रज्ञानाची सिद्धता 1 ते 9 अशा पायऱ्यांवर मोजली जाते. या योजनेचा भर चौथ्या आणि त्यावरील पायऱ्यांवर आहे, तर पटल व उत्प्रेरक यांचे मूलभूत काम त्याच्या खाली राहते व त्याने पूर्वीच्याच तीन वर्षांच्या अनुदानांवर अवलंबून राहावे अशी रचना आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने पुण्यात आकार घेत असलेली हायड्रोजन व्हॅली आणि तैयूर येथील आयआयटी मद्रासच्या परिसरात होणारे ह्युंदाईचे केंद्र यांना ही मधली जागा भरून काढता येईल. ह्युंदाईने 2013पासून इंधनघटाच्या मोटारी कारखान्यातून बाहेर काढलेल्या असल्यामुळे टिकाऊपणाच्या चाचण्यांचे जे शिस्तबद्ध ज्ञान तिच्याकडे आहे ते विद्यार्थ्यांच्या हाती किती पडते, यावर त्या 180 कोटींचे मोल ठरेल.

लक्ष्यांची भाषा बदलणे याच्याइतकेच निकडीचे आहे. अमुक वर्षी अमुक लाख वाहने असे सांगण्याऐवजी, देशी स्टॅक किती तास चालून त्याचा दाब किती टक्के उतरला, प्रति किलोवॅट किती प्लॅटिनम लागले, प्रत्यक्ष विक्रीच्या प्रमाणावर त्याचा खर्च काय आला आणि त्याच गरजेसाठी लिथियम बॅटरीचा खर्च त्या वर्षी काय होता, हे चार आकडे दरवर्षी शेजारी मांडले गेले तर भाकीत तपासता येईल आणि निधीचा परिणामही. मार्च 2025मध्ये मंजूर झालेल्या प्रायोगिक प्रकल्पांच्या मार्गांत पुणे-मुंबई हा मार्ग आहे. घाटाची चढण, उतार, मुंबईची दमट हवा आणि महामार्गावरील ताण यांमुळे स्टॅकच्या परीक्षेसाठी याहून चांगली जागा देशात शोधावी लागेल. रोज आठ तास धावणाऱ्या बसचे दोन वर्षांत सुमारे 5,800 तास होतात, म्हणजे मोटारीच्या अपेक्षेची केवळ खालची मर्यादा ओलांडली जाते आणि ट्रकच्या अपेक्षेचा चौथा हिस्साही पूर्ण होत नाही. प्रकल्पाची मुदत संपल्यावर या गाड्या आगाराच्या कोपऱ्यात न लावता त्यांना आणखी सहा-सात वर्षे धावत्या ठेवण्यासाठी लागणारा हायड्रोजन, सुटे भाग व नोंदी ठेवणारी माणसे यांची तरतूद आताच केली, आणि त्या नोंदी तरमणी, कारैकुडी, पुणे व अंबरनाथ येथील प्रयोगशाळांना खुल्या केल्या, तर भारतीय रस्त्यावरील इंधनघटाच्या आयुष्याचा पहिला पूर्ण वक्र पुढील दशकाच्या मध्यापर्यंत उपलब्ध होईल.